फर्लर अडला की आधी वर पाहा

पावसाळ्याचे चार महिने मुंबईतल्या बहुतेक शिडाच्या नौका किनाऱ्यावर चढवून ठेवलेल्या असतात. हंगाम सुरू होऊन त्या पुन्हा पाण्यात उतरल्या की पहिल्या-दुसऱ्या रविवारीच कुणाचे तरी पुढचे शीड अर्धे गुंडाळून अडते. मग सगळे नाळेपाशी, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाशी, जमतात आणि शीड गुंडाळणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे फर्लरच्या, ड्रमकडे पाहत बसतात. माझा अनुभव असा आहे, की दुखणे क्वचितच ड्रममध्ये असते. ते डोलकाठीच्या टोकाशी असते, नाहीतर दोरीच्या वाटेत.

रचना थोडक्यात सांगतो. नाळेवरून डोलकाठीकडे जाणाऱ्या पोलादी तारेवर, म्हणजे फोरस्टेवर, ॲल्युमिनियमचे खाचेचे आवरण चढवलेले असते. त्याला आपण फॉइल म्हणतो. शिडाची पुढची कड या खाचेत बसते. खाली दोरी गुंडाळलेला ड्रम असतो, वर स्विव्हल, म्हणजे दोन भाग वेगवेगळे फिरू शकणारा सांधा. ड्रमवरची दोरी ओढली की फॉइल फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळले जाते. स्विव्हलचा खालचा भाग शिडाबरोबर फिरतो. वरचा भाग, ज्याला हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) बांधलेले असते, तो मात्र फिरता कामा नये. सगळी गोम इथेच आहे.

हॅलयार्ड जर फोरस्टेला जवळजवळ समांतर वर जात असेल, तर वरच्या भागाला धरून ठेवणारी ओढ उरत नाही; तोही फिरू लागतो आणि हॅलयार्ड फॉइलच्या टोकाभोवती वेलीसारखे वेढे घेते. दोन वेढ्यांत फर्लर अडतो. फोरस्टे आणि हॅलयार्ड यांच्यात साधारण 8 ते 10 अंशांचा कोन हवा. तो मिळत नसेल तर डोलकाठीवर एक लहान कडी बसवून हॅलयार्ड मागे खेचून घेतात. अनेकदा मूळ कारण याहून साधे असते: शीड फॉइलपेक्षा आखूड शिवलेले असते, त्यामुळे स्विव्हल टोकाच्या बरेच खाली राहते. अशा वेळी शिडाच्या माथ्याला नेमक्या लांबीचा न ताणणारा दोर जोडावा, म्हणजे स्विव्हल फॉइलच्या वरच्या टोकापासून वीतभर अंतरात पोहोचते. टोकाबाहेर मात्र ते जाऊ देऊ नये. परीक्षा सोपी आहे. एकाने दोरी हळूहळू ओढावी आणि दुसऱ्याने दुर्बिणीतून वर पाहावे. वरचा भाग जरा जरी फिरताना दिसला, तर त्या दिवशी बंदराबाहेर पडू नये.

ही परीक्षा मी स्वतः एकदा टाळली होती. मांडव्याहून परतताना, मार्चमधल्या दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात, शीड पाऊण गुंडाळून थांबले आणि मी दोरी विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या दांड्याच्या रहाटावर, घेतली. विंच फिरला, दोरी दोन वीत आली, शीड तसेच. वरून 'टक्' असा आवाज आला. मी तो कप्पीचा समजलो. दुसऱ्या दिवशी बोसन्स चेअरमध्ये, म्हणजे दोराने वर खेचायच्या झोळीत, बसून डोलकाठीवर गेलो, तर फॉइल संपते तिथे 19 पदरांच्या तारेचे बाहेरचे दोन पदर तुटून उभे राहिले होते; हातमोजा फाटला तेव्हा ते दिसले. वेढा पडलेला असताना दिलेली ताकद तारेचा पीळ उलगडण्यात खर्च होते. हाताने जे गुंडाळले जात नाही, ते विंचने गुंडाळू नये.

आता दोरीकडे वळू. शेवटच्या कप्पीतून ती ड्रमवर काटकोनात आणि ड्रमच्या मधोमध यायला हवी. शीड उघडताना दोरी मोकळी सोडली तर ड्रमवर सैल वेटोळी पडतात, आणि पुढच्या वेळी वरचा फेरा खालच्यात रुततो. म्हणून उघडतानाही तिच्यावर हाताचा ताण ठेवावा. जोराच्या वाऱ्यात शीड अधिक घट्ट गुंडाळले जाते आणि जास्त फेरे लागतात. दोरी संपली आणि शिडाचा कोपरा बाहेरच फडफडत राहिला, तर ड्रमवर फेरे कमी आहेत. शीड उतरवलेले असताना फॉइल हाताने फिरवून ते वाढवावेत.

बेअरिंगला गोडे पाणी भरपूर द्यावे. उघड्या प्लॅस्टिक गोळ्यांच्या बेअरिंगला ग्रीस लावण्याचा मोह मात्र आवरावा. त्यात मीठ आणि धूळ चिकटून बसते. फॉइलच्या सांध्यांतले स्टेनलेसचे स्क्रू ॲल्युमिनियमला खातात. तिथे पांढरी भुकटी दिसली की स्क्रू काढून इन्शुलेटिंग पेस्ट लावूनच परत बसवावेत.

आणि भर समुद्रात अडलेच तर? वारा पाठीमागून येईल अशी नौका वळवून पुढचे शीड मुख्य शिडाच्या आडोशाला आणावे, थोडे उघडावे, मग पुन्हा गुंडाळून पाहावे. वेढा पुष्कळदा उलट फिरवल्याने सुटतो. शीड पूर्ण उघडत असेल, तर सरळ खाली उतरवावे. उघडतही नाही आणि गुंडाळतही नाही अशी अवस्था असेल, तर इंजिन सुरू करून मोकळ्या पाण्यात नौकेच्या गोल फेऱ्या माराव्यात, म्हणजे फडफडणारे शीड फोरस्टेभोवती आपोआप लपेटले जाते. काठावरचे लोक हसतात, त्यांना हसू द्यावे. पण शीटचे, म्हणजे शिडाचा मागचा कोपरा ताणणारे, दोर आधी आत ओढून घ्यावेत, नाहीतर ते इंजिनाच्या पंख्यात जातात.