फोन ठेवा, पॉलिसी काढा

(नागपुरातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात 31 वर्षं काम केलं. आलेला क्लेम खरा की खोटा, हे तपासणं हेच माझं काम होतं. तरीही आरोग्यविम्याच्या नावाखाली माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला फसवलं गेलं, आणि ते मला दोन महिन्यांनी कळलं. म्हणून आधी दादांची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगते आहे.

दादा वीज मंडळातून निवृत्त झालेले, वय 72. त्रिमूर्तीनगरात वहिनी आणि ते दोघंच राहतात. मुलगा पुण्याला, मुलगी कॅनडात. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली दुपार. बाहेर ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. कूलरच्या आवाजात फोन नीट ऐकू येईना, म्हणून दादा उठून स्वयंपाकघरात गेले. पलीकडे एक मुलगी होती, अगदी अदबीने बोलणारी. "काकाजी, तुमची पॉलिसी 14 तारखेला संपून राहिली." तिने पॉलिसीचा नंबर सांगितला, वहिनींची जन्मतारीख सांगितली, दादांची अँजिओप्लास्टी कोणत्या वर्षी झाली तेही सांगितलं. मग म्हणाली, "आज हप्ता भरला नाही तर आधीच्या आजाराची सगळी वर्षं वाया जातील, परत पहिल्यापासून मोजावी लागतील. आज भरलं तर ज्येष्ठांसाठी सूट आहे, 61 हजारांऐवजी 48,500." दादांनी यूपीआयने पैसे भरले. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर पॉलिसी आली. वर कंपनीचं चिन्ह, खाली सही-शिक्का, सगळं जागच्या जागी.

पुढे खऱ्या कंपनीचे मेसेज येत राहिले, हप्ता भरा म्हणून. "आपण तर भरलाय," म्हणून दादांनी ते पुसून टाकले.

जुलैत वहिनींच्या पित्ताशयात खडे निघाले. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात त्यांना नेलं. विम्याच्या खिडकीवरच्या मुलाने नंबर टाकला, परत टाकला, आणि म्हणाला, "काका, ही पॉलिसी तर बंद दाखवून राहिली." दादा मला म्हणाले, "पैसे गेले याचं काही नाही ग. पण त्या खिडकीपाशी मी उभा होतो आणि ती मागे व्हीलचेअरवर बसली होती."

मंडळी, बाकीच्या फसवणुकीत पैसा जातो. विम्याच्या फसवणुकीत पैशाबरोबर छत्रही जातं, आणि ते गेल्याचं पाऊस आल्यावर कळतं. दादांचे 48,500 गेले ते गेलेच. पण नऊ वर्षं सांभाळलेली पॉलिसी तुटली, हा घाव मोठा.

आता त्या मुलीच्या बोलण्यातलं खरं किती होतं ते पाहू. पॉलिसी तुटली की आधीच्या आजारांची प्रतीक्षा, म्हणजे त्यांचा खर्च मिळण्याआधी थांबायची मुदत, पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते, हे खरं आहे. म्हणूनच तर दादा घाबरले. तिने न सांगितलेलं एवढंच, की वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर 30 दिवसांची सवलत असते. त्या दिवसांत नूतनीकरण केलं तर जुनी वर्षं कायम राहतात. मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा खर्च मात्र मिळत नाही, म्हणून तेवढ्यावर विसंबून राहू नका. पण "आजच, आत्ताच" म्हणण्यासारखं काही नसतं. जो तुम्हाला घरच्यांना विचारायलाही वेळ देत नाही, तो तुमचं काम करायला बसलेला नाही.

मग तिला एवढी माहिती मिळाली कुठून? 2024 साली देशातल्या एका मोठ्या आरोग्यविमा कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांची माहिती चोरीला गेली. नाव, पत्ता, आजार, तपासण्या, सगळं. म्हणून समोरच्याला आपला पॉलिसी नंबर माहीत आहे, यावरून तो कंपनीचा माणूस ठरत नाही. आपल्या पिढीला हे अवघड जातं. आपल्या लहानपणी महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांत कोणी आपल्या घरातलं सगळं सांगितलं तर तो ओळखीचाच असायचा. आता तसं राहिलं नाही.

तेव्हा माझा एकच आग्रह आहे. असा फोन आला की "बरं" म्हणा आणि ठेवून द्या. कपाटातून पॉलिसीचा मूळ कागद काढा, त्यावर छापलेल्या नंबरला आपण स्वतः फोन करा. बँका आणि विमा कंपन्यांसाठी 1600 ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत, ते लक्षात ठेवायला हरकत नाही, पण त्यावरही डोळे मिटून विश्वास नको. आणि नंबर गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. हप्ता भरताना स्क्रीनवर कंपनीचं नाव दिसायला हवं. कुण्या माणसाचं नाव दिसलं की थांबा. दादांच्या स्क्रीनवर एका बाईचं नाव होतं. त्यांनी ते वाचलंही होतं, आणि वाटलं की कॅशियर असेल.

सूट देतो, कमिशनमधले परत देतो, असं कोणी म्हटलं तर विमा कायदा 1938 च्या कलम 41 नुसार तसली लालूच दाखवायलाच बंदी आहे. आणि "मी विमा प्राधिकरणातून बोलतो, तुमचा बोनस अडकलाय, फाईलचे पैसे भरा" असा फोन आला तर तो खोटाच समजा. प्राधिकरणाचं कार्यालय हैदराबादला आहे, त्याचं काम कंपन्यांवर देखरेख ठेवण्याचं. ते पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही.

आता वय वंदना कार्डाबद्दल, कारण चहाच्या वेळी चार जणांनी तेच विचारलं. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत. ही रक्कम घरातल्या 70 वरच्या सगळ्यांत मिळून असते, आणि दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी असते. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांचं सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचारी-निवृत्तांची आरोग्य योजना, आहे त्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावं लागतं, तेव्हा आधी विचार करा. कार्ड काढायला एक पैसा लागत नाही. कोणी व्हॉट्सॲपवर "कार्डाचं ॲप" म्हणून फाईल पाठवली तर तिला हात लावू नका. ती उघडली की फोनमधले मेसेज परक्याच्या हाती जातात, ओटीपीसकट. शंका असेल तर आयुष्मान योजनेच्या हेल्पलाइनवर, 14555 वर, विचारा.

फुकट तपासणी शिबिरांबद्दलही सावध करते. सगळी शिबिरं वाईट नसतात, मी स्वतः जाते. पण रक्तदाब मोजायला आधारवर अंगठा कशाला लागेल? तो लागतो तुमच्या नावाने नोंद करायला. नोंद झाली की न झालेल्या उपचाराचं बिल तुमच्या कार्डावर चढू शकतं, आणि खरी गरज पडते तेव्हा रक्कम कमी भरते. महालेखापरीक्षकांनी 2023 मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात दिसलं, की आयुष्मान योजनेत जवळपास साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाईल नंबर होता, दहाही आकडे नऊ. म्हणजे त्यांच्या कार्डावर काही झालं तर मेसेज जाणार कुणाकडे? तुमच्या कार्डाला तुमचाच चालू नंबर जोडलेला आहे का, हे याच आठवड्यात बघा. आधारचा अंगठा कुलूपबंद करून ठेवता येतो, लागेल तेव्हा उघडता येतो. नातवाला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट माझ्या टेबलावरून. एजंट म्हणतो, "काकू, फॉर्मवर शुगर लिहू नका, हप्ता वाढेल." कोऱ्या फॉर्मवर सही घेतो आणि बाकीचं स्वतः भरतो. मी असे शेकडो फॉर्म पाहिले. सही थरथरत्या हाताची आणि मजकूर भलत्याच अक्षरात. क्लेम आला की जुन्या डॉक्टरची चिठ्ठी निघते, "दहा वर्षांपासून मधुमेह", आणि क्लेम नामंजूर होतो. सही तुमची असते, एजंट तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. आजार लपवू नका. आता नियमाने आधीच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त 36 महिने आहे, आणि सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. खरं लिहून तीन वर्षं काढणं केव्हाही परवडतं.

एफडी मोडायला बँकेत गेलात आणि "आरोग्याचा प्लॅन" म्हणून दरवर्षी हप्ता मागणारी जीवनविम्याची पॉलिसी घेऊन आलात, असंही होतं. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. पाकीट आलं की त्याच दिवशी फोडा.

फसलोच तर? लगेच 1930, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. उद्या नाही, मुलगा आल्यावर नाही. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, तो पळायच्या आत खातं गोठवता आलं तर वाचतो. तक्रार कंपनीविरुद्ध असेल तर आधी कंपनीला लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. आपल्या नागपूरचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे. 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील नाही.

दादांनी 1930 ला फोन केला तो दोन महिन्यांनी. खातं रिकामं होतं. मी त्यांना विचारलं, शंका तर तुम्हाला जूनमध्येच आली होती, मग मला का नाही सांगितलं? म्हणाले, "तू विम्यातली. तुला कोणत्या तोंडाने सांगू? आणि मुलाला कळलं असतं तर म्हणाला असता, बाबा, आता तुमचा फोन माझ्याकडे द्या." मंडळी, हे ऐकून मला रात्रभर झोप आली नाही. दादांना मुलांवर भार टाकायचा नव्हता, म्हणूनच तर ते हप्ता भरायला धावले होते. तीच काळजी त्या मुलीने वापरली. आणि नंतर त्याच काळजीने त्यांचं तोंडही बंद केलं. इथे कोणाची मुलं बसली असतील तर त्यांना माझं सांगणं आहे: आईबाबांनी असं काही सांगितलं तर पहिल्या वाक्यात रागावू नका. आधी 1930 लावा.

दादांनी नवी पॉलिसी घेतली. 1 एप्रिल 2024 पासून 65 ची वयाची अट उरलेली नाही, म्हणून मिळाली तरी. हृदयाच्या आजारासाठी 36 महिने थांबायचं आहे, त्यातले 19 झालेत. वय वंदना कार्डही काढलं आहे. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर कंपनीचा नंबर आणि माझा नंबर जाड अक्षरात लावला आहे. मागच्या आठवड्यात तसलाच फोन आला. दादा "बरं" म्हणाले, ठेवला आणि मला फोन केला.

ज्यांनी पॉलिसी आणल्या आहेत त्यांनी खिडकीजवळच्या टेबलापाशी या. मी सातपर्यंत आहे. चष्मा आणा, मुदतीची तारीख आपण मिळून वाचू.