विमान विटांचं, हिशोब पंखाचा

मंडळी, लेगोसारख्या खेळण्यातल्या विटांची लढाऊ विमानं बनवणाऱ्याला लोक हमखास एकच प्रश्न विचारतात, ‘किती तुकडे लागले?’ तुकडे मोजून काहीच कळत नाही. विचारायचंच असेल तर ‘पंखाला किती प्लेट (म्हणजे चपट्या विटा) जाडी दिलीस?’ असं विचारा. समोरचा माणूस खूश होईल आणि तासभर तुम्हाला सोडणार नाही.

प्लॅस्टिकच्या किटमध्ये स्केल खोक्यावरच छापलेलं असतं: १:७२ (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं), १:४८, १:३२. तुम्ही फक्त चिकटवायचं आणि रंगवायचं. विटांमध्ये स्केल आपण ठरवायचं, आणि इथेच बहुतेकांची गाडी पहिल्या दिवशी चुकीच्या रुळावर जाते. नवा माणूस सुरुवात करतो वैमानिकापासून. हातात लेगोचा छोटा बाहुला असतो, तो कॉकपिटमध्ये बसला पाहिजे, मग विमान तेवढं करू. पण तो बाहुला जेमतेम चार सेंटिमीटर उंच. उंचीने मोजला तर तो साधारण १:४४ च्या जगातला, आणि रुंदीने मोजला तर त्याहून बराच मोठा, कारण बिचारा चौकोनी आहे. त्याच्या खांद्यांवरून विमान बेतलं तर मिग-२१ चं पिंप होतं.

माझं म्हणणं एवढंच, की स्केल ठरवायचं ते विमानाच्या सगळ्यात बारीक भागावरून. विटेची मापं ठरलेली आहेत. दोन स्टडमधलं, म्हणजे विटेवरच्या गोल उंचवट्यांमधलं, अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, आणि प्लेट म्हणजे विटेचा तिसरा हिस्सा, ३.२ मिलिमीटर. १:४८ मध्ये एक स्टड म्हणजे खऱ्या विमानावरचे ३८ सेंटिमीटर आणि एक प्लेट म्हणजे १५. १:३६ घेतलंत तर स्टड जवळपास २९ सेंटिमीटरचा आणि प्लेट साडेअकराची. ही आपली जाळी. तिच्यापेक्षा बारीक काही दाखवायचं तर युक्ती लागते.

आता स्टारफायटर घ्या, एफ-१०४. लांब नळीसारखं धड आणि त्याला दोन्ही बाजूंना पात्यासारखे आखूड पंख. या पंखाची जाडी त्याच्या रुंदीच्या फक्त ३.३६ टक्के होती, आणि पुढची कड इतकी धारदार, की जमिनीवर काम करणाऱ्यांना कापू नये म्हणून तिच्यावर आवरण चढवून ठेवत. पंख धडाला जोडला जातो तिथेसुद्धा जाडी दहा-अकरा सेंटिमीटरच. म्हणजे १:४८ मध्ये साधी एक प्लेटही जास्त जाड झाली! १:३६ मध्ये मात्र एक प्लेट बरोबर बसते. स्केल मी निवडलं नाही, पंखाने निवडलं.

पण त्यातही एक पेच आहे. प्लेट प्लेटला धरते ती वरखाली एकमेकींवर चढून. पंख एकाच प्लेटच्या जाडीचा असेल तर शेजारच्या दोन प्लेटना धरून ठेवायला वर काही नाही, खाली काही नाही. म्हणजे अख्खा पंख एकाच तुकड्याचा हवा. स्टारफायटरचा धडाबाहेरचा पंख सव्वादोन मीटरच्या आसपास, १:३६ मध्ये आठ स्टड. आठ स्टड लांबीची वेज प्लेट, म्हणजे तिरक्या कडेची प्लेट, मिळते, म्हणून हे विमान जमतं. शिवाय त्याचे पंख खाली दहा अंश झुकलेले असल्याने पंख धडाला जोडणारी बिजागरी थोडी ढिली पडली तरी कुणाला शंका येत नाही.

स्पिटफायरचं याच्या उलट. तिथे पंखाच्या मुळाशी जाडी १३ टक्के, साधारण ३३ सेंटिमीटर, म्हणजे १:४८ मध्ये दोन प्लेट. जाडीचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो त्या लंबगोल आकाराचा. पायऱ्यापायऱ्यांचा स्पिटफायर मी फार पाहिला आहे आणि मला तो कधीच आवडलेला नाही.

तिरक्या कडांचं गणित वेगळं. वेज प्लेट येतात त्या ठरावीक उतारांच्या: चारास एक (चार स्टड लांबीत एक स्टड तिरकं), तीनास एक, दोनास एक. पंखाचा खरा कोन यांपैकी एकाच्या जवळ असेल तर नशीब. नसेल तर पंख सरळच बांधायचा आणि बिजागरीवर फिरवून तिरका बसवायचा. फिरवलेली प्लेट पुन्हा स्टडवर घट्ट बसायला मात्र पायथागोरसच लागतो. तीन स्टड आडवे, चार उभे, तर तिरकं अंतर बरोबर पाच, आणि स्टड स्टडवर येतो. पाच, बारा, तेरा घेतलंत तर कोन येतो ६७.४ अंश. एफ-१४ टॉमकॅटचे पंख वेगात पूर्ण मागे गेले की ६८ अंशांवर असतात. इतकं जुळून आलेलं पाहिलं की ग्रुमनच्या इंजिनिअरांनी आपल्यासाठीच विमान बनवलं असं वाटू लागतं.

सम-विषमचा घोळ हा आणखी एक छळ. धड सहा स्टड रुंद आणि नाकाचं टोक एका स्टडचं, तर मधला स्टड येणार कुठून? त्यासाठी जंपर असतो, दोन स्टडच्या प्लेटवर मधोमध एकच स्टड. अर्धा स्टड सरकता येतं. याचा सगळ्यात गमतीदार उपयोग ए-१० मध्ये होतो. त्या विमानाची सात नळ्यांची तोफ किंचित डावीकडे बसवलेली आहे, कारण गोळी सोडणारी नळी बरोबर मध्यरेषेवर यायला हवी. त्या तोफेला जागा देण्यासाठी पुढचं चाक उजवीकडे सरकवलं आहे. मॉडेलमध्ये ते चाक मधोमध दिसलं की समजायचं, बनवणाऱ्याने विमान खालून पाहिलेलंच नाही.

प्लेट कुशीवर, स्टड वर न ठेवता बाजूला करून बसवून बारकावे काढणं, ज्याला आम्ही स्नॉट म्हणतो, तेही एका आकड्यावर उभं आहे: पाच प्लेटची चळत म्हणजे १६ मिलिमीटर, म्हणजे दोन स्टड. हे एकदा हातात बसलं की विमानाचं पोट, हवा आत घेणारी तोंडं, सगळं गुळगुळीत करता येतं.

रंगाबद्दल थोडक्यात. कॉम्प्युटरवर बांधताना कोणताही तुकडा कोणत्याही रंगात मिळतो. प्रत्यक्षात जी वेज प्लेट हवी ती नेमकी त्या हिरव्यात कधी निघालेलीच नसते. म्हणून रंगाचे पट्टे कुठून कुठे जाणार ते तुकडे ठरवतात. करड्या रंगाची विमानं लोक जास्त बनवतात यामागे आळसही आहे.

आणि कंपनीकडून मदतीची अपेक्षा नको. आजच्या रणांगणावरची खरी शस्त्रं खेळण्यात आणायची नाहीत, हे लेगोचं जुनं धोरण आहे. सॉपविथ कॅमल त्यांनी २००१ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये काढलं, पण ते पहिल्या महायुद्धातलं. २०२० मध्ये ऑस्प्रे हे कललेल्या पंख्यांचं विमान बचावकार्याच्या रंगात येणार होतं. जर्मनीतल्या शांततावादी संघटनेने विरोध केला आणि विक्रीच्या तोंडावर कंपनीने ते मागे घेतलं. अनेक हौशी मंडळी चिडली. मला विचाराल तर त्या विरोधात तथ्य होतं. ऑस्प्रे उडवतं कोण, तर मुख्यतः अमेरिकेचं सैन्य, हे नारिंगी पट्ट्याने झाकत नाही. कोबी ही पोलंडची कंपनी मात्र उघडपणे लष्करी विमानं विकते, आणि छापील तुकडे देते, स्टिकर नाही.

आता वेळ संपत आली, तेव्हा शेवटचं वजनाबद्दल. १:३६ चा टॉमकॅट अर्धा मीटरहून लांब होतो. स्टडची पकड चांगली असली तरी लांब पंखाचं टोक काही महिन्यांत खाली येऊ लागतं. त्याला आतून एक सलग लांब प्लेट किंवा लेगोच्या टेक्निक मालिकेतला दांडा द्यावाच लागतो, मग जाडी एका प्लेटने वाढली तरी चालेल. फिरणारे पंख असतील तर दोन्ही एकाच दातेरी चाकांच्या जोडीवर घ्या, नाहीतर एक २० अंशांवर आणि दुसरा ४० वर. तिकडच्या टेबलावर जो आहे त्याचे पंख खुशाल पुढेमागे करून बघा. फक्त उचलताना पोटाखाली दोन्ही हात घाला. नाकाला धरलंत तर नाकच हातात येईल.