आधी शेगडा, मग करवत

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या वाड्यावरचा एक मुलगा माझ्याकडे आला. नोकरी बँकेत, पण रविवारी घरामागच्या शेडमध्ये खुडबुड करायची भारी हौस. म्हणाला, "काका, लोखंड कापायला १४ इंची चॉपसॉ घेतोय, ती चकतीची विजेची करवत. कुठली घेऊ?" मी विचारलं, "कापायचंय काय?" तर परसात वेलीसाठी मांडव आणि पावसाच्या आधी पडवीपुढे पत्र्याची शेड. म्हणजे १६ गेजचा चौकोनी पाइप, थोडे अँगल, सगळे मिळून फार तर चाळीस काप. म्हटलं, "शेगडा आहे? वस्तू घट्ट धरून ठेवणारा व्हाइस?"

नव्हता.

गोव्यात मांडवीकाठी मालवाहू बार्ज दुरुस्तीच्या यार्डात मी आयुष्य काढलं. तिथे वाईट करवतींपेक्षा हलणाऱ्या लोखंडानेच जास्त पाती मोडली. वस्तू पायाखाली दाबून किंवा पडवीच्या पायरीवर टेकवून कापायला गेलात, तर जगातली कुठलीही करवत वाकडीच जाणार. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर पहिल्यांदा ४ इंची शेगडा घ्या आणि तो जड टेबलाला बोल्ट मारून पक्का बसवा. मग करवतीचं बोलू.

त्या मुलाला मी सुचवली ती हाताने चालवायची साधी हॅकसॉ. फ्रेम मात्र दणकट हवी. पातं ताणलं की वाकते, अशी पत्र्याची फ्रेम नको. आणि पातं मागताना दुकानदाराला दाते सांगायचे. एका इंचात १४, १८, २४ किंवा ३२ दाते असतात. भरीव सळीला १८ चालतात, पातळ मालाला जास्त लागतात. नियम असा, की कापणाऱ्या जागी एका वेळी निदान तीन दाते टेकलेले असावेत. आता हिशेब करा. १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर जाडी. १८ दात्यांच्या पात्यात दोन दात्यांमधलं अंतर जवळपास १.४ मिलिमीटर. म्हणजे पाइपच्या भिंतीवर धड दोन दातेसुद्धा नाहीत! दाता कडेला अडकतो, आपण जोर लावतो आणि 'टक्' करून दाता जातो. एक गेला की शेजारचेही जातात. ३२ दात्यांचं पातं लावलं तरी भिंतीवर दोनच दाते येतात. मग युक्ती काय? चौकोनी पाइप शेगड्यात सपाट न धरता कोपरा वर करून तिरका धरायचा. भिंत ४५ अंशात आली की तीच जाडी पात्याला सव्वादोन मिलिमीटर लागते, आणि ३२ दात्यांच्या पात्याचे जवळजवळ तीन दाते टेकतात. मुलाला हे करून दाखवलं. पहिला काप त्याने सपाट धरून केला होता, तो करकरत, उड्या मारत गेला. दुसरा नुसता सरसर.

पात्यावरचा बाण पुढच्या दिशेला हवा, म्हणजे ढकलताना कापलं जातं आणि मागे येताना जोर सोडायचा. मिनिटाला ४०-५० फेरे पुष्कळ झाले, त्याहून घाई केली तर पातं तापून बोथट होतं. आणि पातं अर्ध्या कापात मोडलं, तर नवं पातं त्याच खाचेत घालू नका. जुन्याचे दाते झिजलेले, त्यांची खाच अरुंद. नवं त्यात आवळून बसतं आणि तेही मोडतं. पाइप उलटा करून दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.

आता ग्राइंडर, म्हणजे हातात धरून चालवायचं चकतीचं यंत्र. ४ इंची ग्राइंडर आज घरोघरी आहे आणि तो वाईट मुळीच नाही. १ मिलिमीटरची पातळ चकती लावली तर १६ गेजचा पाइप लोण्यासारखा कापतो. पण त्याला खेळणं समजू नका. मिनिटाला ११,००० फेरे म्हणजे चकतीची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने धावते. चकतीवरचं गार्ड काढायचं नाही, चष्म्याशिवाय बसायचं नाही, कापायच्या चकतीने आडवं घासायचं नाही. लाकडाचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणारे महाभागही मी पाहिलेत. त्यांच्या हातांबद्दल सकाळी सकाळी बोलायला नको.

ठिणग्यांची माझी स्वतःची एक फजिती सांगतो. चतुर्थीच्या आठ दिवस आधी मी पडवीत बसून खिडकीची जुनी ग्रील कापली. वर पाऊस, म्हणून आत बसलो. केर काढला, लाद्या पुसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने हाक मारली. पांढऱ्या लाद्यांवर शेकडो तांबूस ठिपके! ठिणग्या म्हणजे लोखंडाचेच वितळलेले कण. ते लादीला चिकटले आणि आपल्या दमट हवेने एका रात्रीत गंजले. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधेपर्यंत मी गुडघ्यावर बसून लाद्या घासत होतो. तेव्हापासून ग्राइंडर अंगणात, आणि शेजाऱ्याच्या गाडीकडे पाठ करून. हेच कण स्टेनलेसच्या रेलिंगवर पडले तर तेही डागाळतं, आणि मग लोक समुद्राच्या वाऱ्याला दोष देतात.

चॉपसॉ कधी घ्यावी? रोज एकाच मापाचे पन्नास तुकडे लागत असतील तेव्हा. १४ इंची मशीन दोन हजार वॉटच्या वर जाते. तिला ६ अँपिअरचा साधा प्लग पुरत नाही, आणि पावसात व्होल्टेज पडलं की मोटर नुसती घुमते. शिवाय आवाज. दुपारी झोपलेल्या गोव्यात चॉपसॉ चालवून शेजार टिकवता येत नाही, हे माझं स्पष्ट मत.

हातात थोडे पैसे असतील, तर मी छोट्या बँडसॉकडे, म्हणजे पट्ट्यासारखं गोल फिरणारं पातं असलेल्या करवतीकडे वळेन. ठिणगी नाही, कर्कश आवाज नाही, काप सरळ. फक्त सुताराची बँडसॉ घेऊन तिला लोखंडाचं पातं लावू असा विचार करू नका. लाकडासाठी पातं मिनिटाला हजारेक मीटर धावतं; लोखंडाला तेच २५ ते ६० मीटर लागतं. पातं बदललं तरी वेग तोच राहतो, आणि नवं पातं काही सेकंदांत जळतं.

ॲल्युमिनियमला साध्या चकतीने हात लावू नका, चकती भरून जाते. त्याला हॅकसॉ बरी, पात्यावर मेणबत्ती घासून.

चकत्या मात्र आपल्या हवेत जपाव्या लागतात. ओल धरली की त्यांना बांधून ठेवणारं राळेचं बंधन कमकुवत होतं. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि मधल्या धातूच्या कड्यावर मुदत संपण्याचं महिना-वर्ष छापलेलं असतं ते वाचा. परवा त्या मुलाला माझं कपाट दाखवताना एक चकती निघाली, कागदात गुंडाळलेली, न वापरलेली. कड्यावर २०२१. मी ती शेगड्यात धरून मोडली आणि भंगारात टाकली. तो कळवळला. म्हणाला, "काका, नवीच होती की!"