गोलातून दिसणारं मैदान

[दृश्य : कामठी. संध्याकाळी मैदानावर मुलं संघ पाडताहेत.]

नागपूर-कामठीच्या मैदानांवर हे वाक्य हमखास कानावर पडतं : “तू लंबा आहे ना बे, तू गोलात राय!” पोट्टं हिरमुसतं. त्याला गोल मारायचे असतात.

भारताचे गाजलेले गोलकीपर पीटर थंगराजही सुरुवातीला सेंटर फॉरवर्डच, म्हणजे पुढे राहून गोल मारणारेच होते. हैदराबादचा हा उंचापुरा तरुण लष्कराच्या मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये गेला आणि तिथे गोलकीपर झाला. छावणी आणि फुटबॉलचं नातं कामठीकरांना वेगळं सांगायला नको. गार्ड्‌स या लष्करी रेजिमेंटचं सेंटर इथेच आहे, रब्बानी हा फुटबॉल क्लबही इथलाच.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

भारताच्या १९५६ आणि १९६० च्या ऑलिंपिक संघांत थंगराज होते. पण त्यांची खरी परीक्षा झाली १९६२ मध्ये, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत. आजारपणामुळे ते बाहेर बसले होते, गोल सांभाळत होते प्रद्योत बर्मन. अंतिम सामन्याला प्रशिक्षक रहीमसाहेबांनी थंगराजना उतरवलं. समोर दक्षिण कोरिया, आणि प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडताहेत. भारत २-१ ने जिंकला. फुटबॉलमधलं आशियाई सुवर्ण त्यानंतर आपल्याला पुन्हा मिळालेलं नाही.

मोहम्मडन, मोहन बागान, ईस्ट बंगाल : कोलकात्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांकडून ते खेळले. १९६७ ला अर्जुन पुरस्कार. खेळणं थांबल्यावर बोकारोला प्रशिक्षक म्हणून मुलं घडवली.

कीपरला प्रशिक्षकाची नजर खेळतानाच येते, असं आम्हाला ठामपणे वाटतं. अकराही जणांत सगळं मैदान सतत समोर असतं ते त्याच्याच. बचावफळीला हाका मारून जागेवर आणणं, हे त्याचं रोजचंच काम. इटलीचे गोलकीपर दिनो झॉफ १९८२ ला चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकले. पुढे त्यांच्याच प्रशिक्षणाखाली इटली २००० च्या युरो स्पर्धेत अंतिम फेरीत पोचली.

[दृश्य : एक मुलगा डाइव्ह मारतो.]

गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. रेषेवर खिळून राहिलं तर एवढी जागा झाकली जात नाही. दोन पावलं पुढे येऊन समोरच्याला गोल मारायला मिळणारा कोन कमी करावा लागतो. पडायचं ते कोपरावर नाही, कुशीवर. १९९२ पासून सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम दिलेला पास हातात घेता येत नाही, म्हणून पायही तयार हवेत. कीपरवर नुसते शॉट मारत राहून हे त्याला येत नाही, शिकवावं लागतं.

नागपुरातल्या जुन्या कीपरांनो, आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदानावर या. गोलात उभ्या केलेल्या या पोट्ट्यांना तुमची गरज आहे.