पाथरीपासून बारा कोसांवर

अध्यक्ष महोदय आणि परतूरकर मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘कवी रहीम’. काही जणांना वाटलं असेल, हिंदीचे सर आहेत, चार दोहे म्हणतील आणि तासाभरात आपल्याला मोकळं करतील. दोहे आहेतच. पण आधी एक लढाई आहे, आणि ती बहुतेक तुमच्याच तालुक्यातली आहे.

आपल्या शाळांमध्ये गंमत अशी, की हिंदीच्या तासाला रहीम येतो आणि इतिहासाच्या तासाला मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखानान येतो. मधे घंटा होते, गुरुजी बदलतात, आणि हे दोघं एकच गृहस्थ आहेत हे सांगायचं राहून जातं.

१५९५ च्या अखेरीस मोगल फौजांनी अहमदनगरला वेढा दिला. बरोबर शहाजादा मुराद आणि खानखानान. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. चांदबिबीनं किल्ला कसा लढवला, रातोरात तटाचं खिंडार कसं बुजवलं, ते तुम्हाला पाठ आहे. १५९६ मध्ये तह झाला आणि निजामशाहीनं वऱ्हाड सोडला. आता वऱ्हाड म्हणजे कुठपर्यंत? मोगलांनी पाथरीसुद्धा दाबली. दक्षिणेकडचे म्हणाले, पाथरी तहात नव्हतीच. निजामशहांचा पाथरीवर जीव होता, कारण त्यांच्या घराण्याचं मूळ पाथरीच्या ब्राह्मणांत होतं असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. बांधाच्या कोरावरून भाऊबंदांत डोकी फुटावीत तसं झालं, फक्त इथं बांधावर तोफा आल्या.

विजापूरचा सेनापती सुहेलखान निघाला, त्याच्याबरोबर अहमदनगरची आणि गोवळकोंड्याची फौज. १५९७ च्या फेब्रुवारीत गोदावरीच्या खोऱ्यात गाठ पडली. अकबरनाम्यात जागा दिलीय ती आष्टी, पाथरीपासून बारा कोस. काही पुस्तकं हिला सोनपेठची लढाई म्हणतात, तेव्हा सोनपेठकरांनी हक्क सांगायला हरकत नाही. बीडकरांनी मात्र मधे पडू नये, त्यांची आष्टी फार लांब. अंतर बघता ही तुमचीच आष्टी असावी असं माझं मत.

पहिल्या दिवशी मोगलांच्या बाजूनं लढणारा खानदेशचा राजा अलीखान पडला. धुराळ्यात कुणाचा कुणाला पत्ता नाही. हा फितूर झाला असं समजून मोगलांनी त्याचाच तळ लुटला. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत सापडलं तेव्हा यांचे चेहरे उतरले. त्या रात्री दोन्ही सैन्यांना वाटत होतं, आपणच जिंकलो. अंधार पडल्यावर सुहेलखानानं मशाली पेटवल्या. खानखानान जवळच होता. विजापूरकरांनी मैदानात टाकून दिलेल्या तोफा त्यानं भरायला लावल्या आणि त्या उजेडाच्या रोखानं डागल्या. मशाली विझल्या.

सकाळी पुन्हा जुंपायची वेळ आली तेव्हा माणसं थोडी उरली होती. बरोबरच्या सरदारानं विचारलं, हरलो तर आपल्याला शोधायचं कुठं? उत्तर आलं, ‘प्रेतांच्या ढिगाखाली.’ फारसी इतिहासकारांना असली वाक्यं फार आवडतात, तेव्हा ते जरा जपूनच ऐकावं. दुपारपर्यंत सुहेलखानाची फळी मोडली. जिंकल्यावर खानखानानानं जवळचा ७५ लाखांचा ऐवज वाटून टाकला असंही लिहिलंय. आकडा फुगवलेला असणार, पण हात सढळ होता याबद्दल त्याच्या शत्रूंचंही दुमत नाही.

त्याचा जन्म १५५६ चा, लाहोरचा. बाप बैरामखान १५६१ मध्ये गुजरातेत पाटणला मारला गेला तेव्हा पोर चार वर्षांचं होतं. अकबरानं वाढवलं. गुजरात जिंकल्यावर १५८४ मध्ये खानखानान ही पदवी मिळाली. १५८९ मध्ये त्यानं बाबराच्या आठवणी तुर्कीतून फारसीत आणल्या. संस्कृत आणि फारसी एकत्र कालवून ज्योतिषावरही लिहिलं. आणि उरलेल्या वेळात ब्रज आणि अवधी.

आता दोह्यांकडे. या माणसानं उभा जन्म घोड्यावर काढला, पण दोह्यांत लढाई जवळजवळ नाहीच. सुई आहे, धागा आहे, काकडी आहे, बोरीशेजारी वाढणारी केळ आहे. तलवार येते तीसुद्धा सुईपुढं हात टेकायला. म्हणून आपण ते फळ्यावर सुविचार म्हणून लिहितो. माझं म्हणणं असं, की हे सुविचार नाहीत, दरबारात आयुष्य काढलेल्या माणसाची ही टिपणं आहेत. हा दोहा बघा:

जो रहीम ओछो बढ़ै, तो अति ही इतराय।
प्यादे सों फरजी भयो, टेढ़ो टेढ़ो जाय॥

हलका माणूस वर चढला की फार तोरा मिरवतो. प्याद्याचा वजीर झाला की तिरका तिरका चालायला लागतो. आजचा वजीर पटावर चौफेर धावतो, त्यामुळं दोह्याची धार आपल्याला लागत नाही. जुन्या डावात वजीर फक्त तिरका जायचा, तोही एकच घर. म्हणजे बढती मिळालेल्या या प्याद्याची ताकद वाढली किती? जेमतेम. सरळ जायचं तेवढं सुटलं. हे लिहिणाऱ्यानं कुणाला तरी डोळ्यांसमोर ठेवलेलं आहे. कुठला दोहा कुठल्या साली लिहिला याची नोंद नाही, नाहीतर आपल्याला नावही लावता आलं असतं. परतूरमध्ये तशी नावं सुचायला अडचण नाही, पण निवडणुका जवळ आल्यात, मी गप्प बसतो.

दुसरा काकडीचा. काकडीचं डोकं कापावं, मीठ लावून चोळावं. कडू तोंडाच्या माणसाला हीच शिक्षा. मुलांना हा फार आवडतो. मला मात्र वर्गात तो शिकवताना त्याच्या पोरांचं काय झालं ते आठवतं. थोरला मुलगा शाहनवाजखान यानं १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याचा पराभव केला. मग फौज खडकीला गेली आणि अंबरनं वसवलेलं ते शहर, आजचं छत्रपती संभाजीनगर, जाळून उद्ध्वस्त केलं. कवीच्या घरचीच ही करणी. तीन वर्षांत शाहनवाज दारूपायी गेला. पुढं शाहजहानच्या बंडात सगळं घर भरडलं गेलं, आणि दुसऱ्या मुलाचं, दाराबचं, मुंडकं जहांगीरचा सेनापती महाबतखान यानं कापलं. ते झाकून, कलिंगड म्हणून, बापाकडं पाठवलं अशी कथा आहे.

राहता राहिला लाचेचा आरोप. खानखानान दक्षिणवाल्यांना आतून मिळालेला आहे, पैसे खाऊन मुद्दाम मोहीम रेंगाळत ठेवतो, हे आयुष्यभर त्याच्यामागं लागलं. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलचा संशय, नंतर जहांगीरच्या सरदारांच्या तक्रारी. खाल्लेही असतील, त्या काळी नजराणा कुठं संपतो आणि लाच कुठं सुरू होते हे सांगणं कठीण. पण अंबरशी बोलणी चालू ठेवल्याशिवाय या मुलखात एक दिवस टिकता येत नाही, हे त्याला कळलं होतं. आग्र्यात बसलेल्यांना ती फितुरी वाटली. १६१० मध्ये बालाघाटावर फौजेची उपासमार झाली, अपमानाचा तह करावा लागला आणि त्याला परत बोलावलं. त्याच्या जागी आलेल्यांनी जोरात चढाई केली. अब्दुल्लाखान दौलताबादपर्यंत आला आणि अंबरच्या स्वारांनी त्याला गुजरातेपर्यंत पळवत नेला. १६१२ मध्ये जहांगीरनं दक्षिणेच्या कामावर पुन्हा नेमला तो त्याच म्हाताऱ्याला.