मिझोराम: नद्यांच्या वाटेने आलेला कारभार

आसामच्या दक्षिणेला, म्यानमार आणि बांगलादेश यांच्या बेचक्यात हे राज्य आहे. क्षेत्रफळ २१,०८१ चौरस किलोमीटर. डोंगररांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या, एकीमागे एक, मधल्या दऱ्या खोल. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर प्रत्येक रांग चढायची आणि उतरायची. गावं बहुतेक माथ्यावर.

इथला कारभार कळण्यासाठी आधी नद्या पाहायला हव्यात. त्लाँग उत्तरेला वाहत आसामच्या बराक खोऱ्यात उतरते. कर्णफुली जाते चितगावकडे. इंग्रजही याच दोन बाजूंनी वर आले. १८७१-७२ च्या मोहिमेत एक फौज आजच्या आसाममधल्या कछारहून निघाली, दुसरी चितगावहून. पुढे मुलूख ताब्यात आल्यावर ऐझॉलचा उत्तर भाग आसामकडे गेला आणि लुंगलेईचा दक्षिण भाग बंगालकडे. १८९८ मध्ये दोन्ही जोडून लुशाई हिल्स हा आसामचा जिल्हा झाला. १९५४ मध्ये त्याचं नाव मिझो जिल्हा झालं.

मग आलं १९५९. बांबू फुलला. हा बहर सुमारे ४८ वर्षांनी येतो. त्याचं बी खाऊन उंदीर बेसुमार वाढले, बी संपताच उभ्या पिकात आणि साठवलेल्या धान्यात शिरले. दुष्काळात आसाम सरकारने आपल्याला वाऱ्यावर सोडलं, ही भावना मिझो लोकांत खोल रुजली. दुष्काळनिवारणासाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच मिझो नेते लालडेंगा यांचा मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष घडला. मार्च १९६६ मध्ये त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि भारतीय हवाई दलाने ऐझॉलवर हल्ला केला. आपल्याच देशातल्या शहरावर. हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायलाच हवं.

१९६७ पासून लष्कराने माथ्यावरची गावं रिकामी केली. माणसांना सिलचर-ऐझॉल-लुंगलेई रस्त्यालगतच्या वस्त्यांत आणलं, मागची घरं जाळली. रोज हजेरी, रात्री संचारबंदी. डोंगरउतारावरची झूम शेती, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती, लांब राहिली, आणि पिकवून खाणारी माणसं शिध्याच्या रांगेत उभी राहिली.

१९७२ मध्ये मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला. ३० जून १९८६ ला शांतता करार झाला, लालडेंगा मुख्यमंत्री झाले, आणि २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम देशाचं २३ वं राज्य बनलं. हा करार टिकला, याचं मोल फार मोठं आहे.

आसामशी हद्दीचा वाद मात्र सुटलेला नाही. मिझोराम १८७५ ची इनर लाइन, म्हणजे इंग्रजांनी डोंगराळ मुलखासाठी आखलेली सीमारेषा मानतं, आसाम १९३३ ची हद्द ठरवणारी अधिसूचना. जुलै २०२१ मध्ये याच वादातून दोन्ही राज्यांचे पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला, आणि आसामचे पोलीस मृत्युमुखी पडले.