छर्रा कुणाच्या दाताखाली?

(विट्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘आपले माळ पडीक आहेत का?’ तिकडं मी येणार आहे. पण माझी माळावरची वाट शिकारीवरूनच जाते. समोर वनखात्यातलं कुणी बसलं असेल तर आधीच सांगतो, हकिकत 1969-70 सालची, 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधीची. तेव्हाही मुंबई राज्याचा 1951चा कायदा होताच म्हणा. आमच्या अप्पांकडं, म्हणजे चुलत्यांकडं, बंदुकीचा परवाना होता. शिकारीचा होता का, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

अप्पा गलाईला उत्तरेत. आपल्या खानापूर-आटपाडीतलं निम्मं गाव सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेलं, त्यातलेच एक. लोक येताना सोनं घेऊन आले, आमच्यानं दुनळी आणली, हे वाक्य काकू शेवटपर्यंत म्हणायची. बारा बोअरची दुनळी. काडतुसं खडकीच्या कारखान्यातली, बुडाला पितळ आणि वर कागदी नळी. दमट हवा लागली की कागद फुगायचा आणि काडतूस बंदुकीत बसायचं नाही. म्हणून अप्पा ती बाजरीच्या कणगीत पुरून ठेवायचे. एकदा त्यातलं एक दळणाबरोबर थेट गिरणीत पोचलं. गिरणीवाल्याला वेळेत दिसलं म्हणून आज मी तुमच्यासमोर उभा आहे, कारण पाटी माझ्याच डोक्यावर होती. पुढं सहा महिने त्यानं आमची बाजरी कोपरापर्यंत हात घालून तपासल्याशिवाय घेतली नाही.

हसू नका, वेळ तुमचाच जातोय.

तर कुत्री. दोन गावठी, आणि एक कारवानी, हरणी नावाची. गावठी कुत्रं वासावर चालतं, कारवानी नजरेवर. निमुळतं तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, परक्यानं हात लावलेला खपत नाही. याच जातीला मुधोळ म्हटलं की किंमत वाढते. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी विलायतेच्या बादशहाला या कुत्र्यांची जोडी भेट दिली, 2005 साली पोस्टानं मुधोळच्या कुत्र्याचं तिकीट काढलं. आमच्या हरणीला तिकीट नाही, एसटीचंसुद्धा नाही. ती पायीच.

पौषातली पहाट. बाजरी निघालेली, माळाचं गवत पिवळं पडलेलं, धोतराला गुडघ्यापर्यंत कुसळं. गावठी कुत्री बोरीच्या जाळीत घुसायची आणि आम्ही पोरं डबे वाजवायचो. ससा शेवटपर्यंत दबून बसतो, अगदी पायाशी आल्यावर उठतो. त्याचे मागचे पाय लांब, म्हणून तो चढाला धरतो. चढावर कुत्रं मागं पडतं. हरणी हे जाणून होती. ती सशाच्या मागं धावतच नसे, बाजूनं वर जायची आणि त्याला उताराला वळवायची. उताराला ससा कोलमडतो. हे तिला कुणी शिकवलं? अप्पांनी नक्कीच नाही. ते टेकाडावर बंदूक धरून उभे असायचे आणि “सोड, सोड, मधनं सर!” म्हणून कुत्रीवर ओरडायचे. मधे कुत्री असली की बार टाकता येत नाही ना!

त्या दिवशी दोन बार झाले. धूर निवला तर हरणी ससा तोंडात धरून उभी. अप्पा म्हणाले, “लागलीया की रं! पयल्याच बाराला!”

दुपारी रस्सा झाला. छर्ऱ्यानं मारलेल्या सशाच्या रश्श्यात एक मजा असते. चार नंबरचा छर्रा ज्वारीच्या बारक्या दाण्याएवढा, तो हमखास दाताखाली येतो. आम्ही पोरं तो पितळीच्या काठावर टाकायचो, टिण्ण. ज्याच्याकडं जास्त, तो राजा. त्या दिवशी सगळी पंगत उठायला आली, टिण्ण नाही. आजीनं रिकामी कढई पुसून बघितली. मग पदर सावरत म्हणाली, “एवढा मोठा बार, आन् कुनाच्याच दाताखाली छर्रा न्हाई? आज पयली भाकरी हरणीला घाला.”

अप्पांनी ताटावर पाणी सोडलं आणि उठले. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. शिकार कुत्र्याची, नाव बंदुकीचं.

पहिली चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणे. बरं.

मुद्दा असा, की कारवानी हे माळाचं माप आहे. ज्या जमिनीवर अर्धा मैल नजर पोचते, तिथंच हे जनावर घडतं. सातबारावर याच जमिनीला आपण पडीक म्हणतो, पोटखराबा म्हणतो. तिथं पखुर्डी, धाविक, चंडोल ही माळावरची पाखरं होती. खोकडाची बिळं होती, लांडगा धनगराच्या कळपामागं फिरायचा. 1972च्या कायद्यात ससा-तित्तर ‘छोटी शिकार’ म्हणून परवान्यावर मारता यायचे, 1991च्या दुरुस्तीनं तेही बंद झालं. बरंच झालं. पण बंदूक थांबली आणि नांगर सुरू झाला. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, माळावर डाळिंब आलं. पाण्याला मी नाव ठेवत नाही, माझीही दोन एकर द्राक्षं आहेत, उगाच कशाला खोटं बोलू! जे गायरान उरलं, तिथं आपण खड्डे काढून ग्लिरिसिडियाची झाडं लावतो आणि फोटो काढतो. गवत गेलं की टोळ-किडे जातात, मग ते खाणारी पाखरं जातात, उंदीर-किड्यांवर जगणारं खोकडही जातं. सागरेश्वरला 1985 साली अभयारण्य झालं, झाडं वाढली, हरणं वाढली, आनंद आहे. पण तो डोंगर आहे. सगळ्या माळांचं सागरेश्वर करायचं नसतं. पुढच्या ग्रामसभेत वृक्षारोपणाचा ठराव आला तर एवढंच विचारा, गवताळ तुकडा कुठला सोडणार? गट नंबर लिहून घ्या.

दुसरी चिठ्ठी. चराई, वणवे, बांधावरच्या फवारणीनं मेलेले लावे, हे सगळं राहिलं.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, दुनळीचं काय झालं. आहे ना. परवाना आता माझ्या नावावर. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकाल लागला की घरी येते. दहा वर्षांत तिनं तेवढाच प्रवास केलाय. कणगीत आता काडतूस नाही. कणगीच नाही.